गुरुप्रसादची सही

मुंबईच्या कलामहाविद्यालयाची पदवी घेऊन गुरुप्रसाद शिवलकर रत्नागिरीला परत आला, तेव्हा पेठकिल्ल्यातल्या लोकांना वाटलं, चार दिवस आराम करील आणि जाईल परत. त्यालाही तसंच वाटलं होतं. त्या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. आराम काही अजून संपलेला नाही, असं शेजारपाजारचे म्हणतात. हे त्याच्या तोंडावर. पाठीमागे जरा सविस्तर बोलतात.

तसा तो रिकामा कधीच नव्हता. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, बोटी किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, की मिरकरवाड्याच्या बंदरात याचा सीझन सुरू. बोटींवर नावं घालायची. हात-हातभर उंच अक्षरं, खाली सावली, दोन्ही बाजूंना कमळ नाहीतर डॉल्फिन. कुणाच्या आईचं नाव, कुणाच्या देवाचं, कुणाच्या मुलीचं. जेटीवर उभं राहिलं तर दिसतील तेवढी नावं याच्याच हातची. याचं स्वतःचं तेवढं कुठे नव्हतं.

आणि दुखणं नेमकं तेच होतं. खाली आपली सही असलेलं एक चित्र, ते भिंतीवर टांगलेलं, आणि समोर उभं राहून कुणीतरी ते नाव वाचतंय, एवढंच त्याला हवं होतं. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्यांचं चाललेलं रोज दिसे. सुवर्णपदक मिळवलेली मुलगी बिस्किटांच्या पुड्यांची वेष्टनं करत होती. एकजण देवरूखला चित्रकला शिकवायचा आणि कवायतीचा शिक्षक नसला की कवायतही घ्यायचा. निलेशला कॉलेजात माणसाचा हात काढता यायचा नाही, त्याचे सगळे हात गुरुप्रसादने काढून दिलेले. त्या निलेशची मुंबईत आर्ट गॅलरी होती. हात काढता येत नसेल तर माणसाला दुसऱ्यांच्या हातांची पारख येते, असं गुरुप्रसाद मनाची समजूत घालताना म्हणायचा.

त्याची स्वतःची चित्रं वेगळी. त्यात वस्तू नसायच्या, नुसते रंग आणि आकार. बायकोने, शमिकाने, त्यातलं एक कौतुकाने बाहेरच्या खोलीत लावलं होतं. आलेला पाहुणा चहा घेता घेता वर बघायचा आणि काळजीने विचारायचा, "गळतंय वाटतं?"

अशातच फारुकभाय होडेकरांनी नवी बोट बांधली आणि केबिनच्या भिंतीवर चित्र काढायला गुरुप्रसादला बोलावलं.

"डॉल्फिन काढू?"

"नको. मासा नको, पक्षी नको, बाई तर नकोच. जिवंत कायच नको आपल्याला."

"मग माड?"

"माड सगळ्यांच्या बोटींवर हायत. तुझं कायतरी काढ ना. शिकलायस ना मुंबईला?"

वीस वर्षांत असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. गुरुप्रसाद घरी जेवायला जायचा विसरला. निळ्यावर निळा, त्यात गंजाचा तांबडा, आणि मधोमध नाही, जरा उजवीकडे, एक पिवळा आकार. फारुकभायनी पुढून पाहिलं, मागे सरकून पाहिलं.

"हे काय हाय?"

"काहीच नाही."

"जिवंत नाय ना?"

"नाही."

"मग बेस हाय!"

ऑगस्टमध्ये बोटी निघाल्या. सगळ्यांच्या जाळ्यात बेताचं, आणि फारुकभायच्या बोटीत सुरमई ठेवायला बर्फ कमी पडला. एकदा नाही, लागोपाठ. मग जेटीवर चौकशी बसली. इंजिन सगळ्यांचं तेच. डिझेल एकाच पंपावरचं. बोट चालवणारा तांडेल तर तोच, जो गेल्या साली दुसऱ्याच्या बोटीवर असताना रिकामा परत यायचा. वजाबाकी करत करत लोक चित्रापाशी येऊन थांबले.

पहिले आले हरिश्चंद्र मयेकर. "गुरू, आमच्या केबिनवर पण तो डाग काढ."

"डाग नाही तो, काका. रचना आहे."

"तीच काढ. पिवळा मात्र तिथंच पायजे, फारुकच्या आहे तिथं."

गुरुप्रसादचं मन काही ऐकेना. तेच चित्र दुसऱ्यांदा काढायचं म्हणजे काय! त्याने पिवळा आकार थोडा डावीकडे घेतला. रचनेच्या दृष्टीने ते जास्त चांगलं होतं. मयेकरांच्या जाळ्यात त्या खेपेला जेलीफिश तेवढे आले. ओल्या गमबुटांनिशी ते थेट गुरुप्रसादच्या ओटीवर हजर.

"सरकवलास ना?"

"थोडासाच."

"तुला काय रं वाटलं, माशांना कळत नाय?"

त्यानंतर त्याने काही सरकवलं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर बोटी पाण्यात उतरल्या, तेव्हा अख्ख्या जेटीवर एकच चित्र होतं, आणि गुरुप्रसाद डोळे मिटून ते काढू शकत होता. कधी कधी काढतही असावा.

दिवाळीच्या सुट्टीत निलेश कुटुंबासह गणपतीपुळ्याला आला आणि जुन्या मित्राला भेटायला म्हणून जेटीवर उतरला. उतरला तो एकेका बोटीपाशी जाऊन बघतच सुटला.

"गुऱ्या, हे सगळं तू केलंस? एकच प्रतिमा, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या बोटींवर, समुद्रात ये-जा करणारी? अरे, किती विचार केलायस!"

गुरुप्रसादला जेलीफिश आठवले. पण तोंडातून निघालं, "हो, चाललंय आपलं."

"मार्चमध्ये तुझं प्रदर्शन लावतो. भिंतभर मोठे फोटो. फारुकची बोट मधोमध. पण सही कुठाय रे?"

"बोटीवर परक्याचं नाव मालक घालू देत नाहीत."

"सही नसेल तर हे तुझं कशावरून? एका बोटीवर कर, फोटो पाठव. बाकी मी बघतो."

इतकी वर्षं जे हवं होतं ते एका सहीवर येऊन अडलं होतं, आणि ती सही दुसऱ्याच्या बोटीवर करायची होती. गुरुप्रसाद होडेकरांच्या दारात गेला. फारुकभाय डोकं खाजवत राहिले. "बोटीवर अल्लाचं नाव हाय, अम्मीचं हाय. तिसरं नाव..." त्यांची अम्मी, हाजराचाची, आतून कोलंबी सोलताना ऐकत होती. निकाल तिनेच दिला.

"घालू दे त्याला. बारीक, कोपऱ्यात. मासळी कमी झाली तर पुसायचं. आणि पुसायचा रंग त्याचा."

रात्रीपर्यंत गुरुप्रसादने वर्तमानपत्राच्या समासावर सह्या केल्या. शमिका बघत होती. "अहो, नीट ठरवा. पतपेढीत जुळली नाही तर मलाच बोलणी बसतील."

दुसऱ्या दिवशी सही झाली आणि बोट गेली. ती परत येईपर्यंत गुरुप्रसादने जेटीवरच मुक्काम ठोकला. बोट रिकामी आली असती तर नाव आणि प्रदर्शन एकाच ब्रशाने जाणार होतं. त्या दिवसांत त्याने दर्यावरचं वारं, भरती, ढग, सगळ्यांची चौकशी केली. कोळ्याच्या घरातही इतकी कुणी करत नाही.

बोट आली. पाण्यात इतकी खोल बसली होती, की लांबून नुसती केबिन आणि तिच्यावरची सही तेवढी वर दिसत होती.

मग काय, सगळ्यांनाच सही हवी झाली. आठवड्याभरात त्याचं नाव जेटीवर देवांपेक्षा जास्त ठिकाणी झालं. तो छाती काढून चालू लागला. निलेशला फोटो गेले, उत्तरात अंगठे आले.

पण समुद्राला वेस नाही. बातमी दक्षिणेला गेली, राजापूरच्या खाडीपर्यंत. तिथे शिवा पेंटर म्हणून एकजण होता, गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवणारा. त्याने चित्र उचललं, सहीही उचलली. त्याने सहीला सोनेरी कड दिली आणि शेवटच्या अक्षराला लांब शेपटी काढली.

निलेशचा फोन आला. "गुऱ्या, एका दुधाच्या टेम्पोवर तुझी सही आहे."

"ती माझी नाही."

"मग तुझी कुठली?"

"साधी. शेपटी नसलेली."

"शेपटी नसलेल्याही चार प्रकारच्या आल्यात माझ्याकडे. असं कर, जरा थांबू. खरी कुठली ते आधी ठरू दे." मार्च तसाच गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर हरिश्चंद्र मयेकर पुन्हा ओटीवर आले. हातात फोन, त्यावर राजापूरकडच्या एका बोटीचा फोटो.

"गुरू, आमच्या बोटीवरची सही पूस आणि ही घाल. तिकडे या सहीवर मासळी मावत नाय म्हणे."

"काका, ते नाव माझंच आहे."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. दुसऱ्याकडून करून घेतली तर खोटी नाय का होणार?"

गुरुप्रसादने फोन हातात घेतला, फोटो मोठा करून पाहिला. शेपटी छान ओढली होती शिवाने, ते मान्य करावंच लागलं. जेटीवर जाऊन त्याने केबिनच्या कोपऱ्यातली आपली सही रंगाने बुजवली, वाळेपर्यंत बोटीच्या काठावर बसला, आणि मग फोटो समोर धरून गुरुप्रसाद शिवलकर असं लिहायला घेतलं. पहिल्या खेपेला ते जरा त्याच्या स्वतःच्या अक्षरासारखं आलं.

"पूस," मयेकर म्हणाले.