एक मीटर म्हणजे अफवा

घरात कुणाला ताप आला की मीटरकाका दोन थर्मामीटर घेऊन येत. एक काखेत, एक जिभेखाली. दोन्हींत फरक निघाला की आजारी माणूस बाजूला राही आणि काका खिडकीपाशी उभे राहून, कोणता थर्मामीटर खोटं बोलतो याचा तपास सुरू करत. आई वैतागून म्हणायची, "अहो भाऊजी, पोट्टी तापली आहे, हे हात लावूनही समजते ना." काका मान न वळवता उत्तर देत, "वहिनी, एक मीटर म्हणजे अफवा. दोन मीटर म्हणजे बातमी."

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीचं तापमान दाखवणारी यंत्रं सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते शंकर नगरला आमच्या वरच्या खोलीत राहायला आले, आणि मोजायला भट्टी उरली नाही म्हणून त्यांनी आम्हाला मोजायला घेतलं. गॅस सिलिंडरचं वजन, इन्व्हर्टरची बॅटरी, दुधातलं पाणी. दूधवाल्यानं आमची गल्ली बदलून मागितली होती. अख्खा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, त्यांना मीटरकाका म्हणायचा, आणि त्यांना ती पदवी वाटायची.

अशा माणसाच्या घरात मी टर्बोवाली गाडी आणली, हे माझंच धाडस. जुनीच होती, छोटी, पेट्रोलची. पण टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि ती हवा अजून थोडी वाढवली तर गाडी सुसाट जाते, एवढं मला ठाऊक होतं. आमच्या शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीचे रस्ते तेव्हा बांधून तयार होते आणि राहायला अजून कुणी आलं नव्हतं. तिथला एक सरळ रस्ता बंद करून एक हौशी मोटर क्लब दर हिवाळ्यात वेगाची स्पर्धा घ्यायचा. कॉलेजपासून मी कठड्याबाहेर उभी राहून ती पाहत आले होते. या वेळी मला कठड्याच्या आत जायचं होतं.

पंडरी बाजाराच्या मागच्या बाजूला सलीमभैयाचं गॅरेज होतं. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, टर्बोची हवा वाढवायला लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "दीदी, लैपटॉप लगाऊंगा, शाम तक गाड़ी उड़ेगी." मी किल्ली पुढे केली. तेवढ्यात माझ्याबरोबर नुसते फिरायला म्हणून आलेले काका बोलले, "और उड़ते-उड़ते इंजन क्या बोल रहा है, वो कैसे मालूम पड़ेगा?" सलीमभैयांनी लॅपटॉप मिटला. त्या संध्याकाळी गाडी उडाली नाही. ती त्या पावसाळ्यातही उडाली नाही.

"आधी काय पाहायचं ते ठरव," काका म्हणाले. "मग किती वाढवायचं ते." आणि पाहायचं काय हे ठरवण्यात महिने गेले. मी आधी एक स्वस्तातलं यंत्र आणलं. ते गाडीच्या संगणकाला जोडलं की सगळे आकडे मोबाइलवर दिसतात. मला ते पुरेसं होतं. काकांनी ते दोन दिवस वापरलं आणि नाकारलं. "एक तर आकडा उशिरा येते. वरून हे गाडीनंच गाडीबद्दल सांगितलेलं आहे. चोरालेच विचारून राहिली का, चोरी झाली का म्हणून?"

मग टर्बोचा दाब दाखवणारा वेगळा मीटर आला. तो काचेशेजारच्या दांडीवर बसवायचा की समोर, यावर आठवडा गेला. काकांना तो पसंत पडला, पण पुरेना. "दाब तर समजला. पण हवा वाढली आणि त्या हिशोबानं पेट्रोल नाही वाढलं, तर आत आग किती होते माहीत आहे? पिस्टन मेणासारखा वितळते." म्हणून हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाखवणारा मीटर. त्याचा सेन्सर धुराच्या पाइपात बसवावा लागतो. वेल्डरनं सोयीची जागा दाखवली, काकांनी गाडीखाली झोपून दुसरी ठरवली. मग जळालेल्या वायूची उष्णता दाखवणारा आणखी एक. भट्टीवाल्या माणसाला तो सगळ्यात जवळचा वाटायचा. आई एकदा भाजी आणायला म्हणून गाडीत बसली, समोरचे दिवे आणि वायरी पाहून म्हणाली, "ही गाडी आहे का आयसीयू?"

त्यानंतर चाचण्या. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर तोच तिसरा गिअर, तोच वेग, पुन्हा पुन्हा. सलीमभैया हवा चिमूटभर वाढवून देत, काका बाजूला बसून मीटर पाहत, आणि प्रत्येक फेरीनंतर म्हणत, "आणखी एकदा." मला बोलायची बंदी होती, बोललं की पाय हलतो म्हणे. एकदा मी गाडी कडेला थांबवली आणि विचारलं, "काका, तुम्हाला ही गाडी जोरात न्यायचीच नाही ना? खरं सांगा."

"मले गाडी परत आणायची आहे," ते म्हणाले. "आणखी एकदा."

अखेर हिवाळा आला आणि मी कठड्याच्या आत गेले. हेल्मेट घातलं की बाजूला एकाला बसता यायचं. काका बसले. पहिल्या फेरीत माझ्या गटात मी दुसरी आले. पहिला आणि मी यांच्यातलं अंतर पापणी लवण्याएवढं होतं. सलीमभैया धावत आले, म्हणाले, "दीदी, अगली में आप ही हो." दुसऱ्या फेरीला गाडी सुटली तेव्हा मला आतून कळलं की ही फेरी माझी आहे. गिअर जागेवर पडत होते, रस्ता स्वच्छ होता, शेवटची कमान दिसायला लागली होती.

"सोड," काका म्हणाले.

इतक्या महिन्यांत माझ्या पायाला त्यांच्या आवाजाची सवय झाली होती. मी विचार करायच्या आत पाय उचलला गेला. बाजूनं काहीतरी लाल सरकन पुढे गेलं आणि आम्ही जत्रेतल्या पाळण्यासारखे हळूहळू कमानीखालून गेलो. "मिश्रण बिघडलं," काका सांगत होते. "पेट्रोल कमी पडून राहिलं. आणखी एक सेकंद, आणि इंजिन गेलं असतं." मी हेल्मेट काढलं नाही. मला कुणाचं तोंड पाहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सलीमभैयांनी गाडी उचलून तपासली. पेट्रोल बरोबर येत होतं, इंजिन ठणठणीत होतं. काकांनी हट्टानं ठरवलेल्या त्या जागी वेल्डिंगला बारीक चीर गेली होती. तिथून बाहेरची हवा पाइपात शिरत होती, आणि मीटर बिचारा तीच हवा मोजून, पेट्रोल कमी आहे म्हणून ओरडत होता.

मी गॅरेजमध्येच विचारलं, "उष्णतेचा मीटर काय म्हणत होता, काका?"

त्यांनी वाकून पाइपावरची चीर बोटानं चाचपली.

"तो बरोबरच असणार. आग वाढली असती तर तो वर गेला असता. तुम्ही पाहिलाच नाही. एक मीटर म्हणजे अफवा ना? मग अफवेवर माझी फेरी घालवली तुम्ही."

सलीमभैया पाना शोधायचं निमित्त करून आत गेले. मी जे बोलले ते मला आजही चुकीचं वाटत नाही. मी इतके महिने त्या माणसाच्या 'आणखी एकदा'खाली दबून होते, आणि तो नियम त्यांनी नेमका त्या दिवशी मोडला होता. काका बाकावर बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.

"पाहायले वेळ होता," ते म्हणाले. "भट्टीवर असतो तर पाहिला असता. भट्टीवर मी कधीच एका काट्यावर ओरडलो नाही, विचार कोणालेही." मग चष्मा लावून माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पण भट्टीत तू नव्हती बसली."

भांडणाऱ्याला असं उत्तर देणं हा अन्याय आहे. मी गाडीची किल्ली उचलली आणि दोघं घरी आलो. जिन्यात आईनं विचारलं, काय निघालं. काकांनी सांगितलं, "चूक माझी निघाली," आणि वर गेले.

पुढच्या रविवारी ते स्वतःच पाना घेऊन खाली आले. "कोणते ठेवायचे ते तू सांग, बाकीचे काढतो." मी दाबाचा आणि मिश्रणाचा ठेवायचा म्हटला. ते म्हणाले, दाबाचा काढ, उष्णतेचा ठेव. मी म्हटलं, विचारलं काहून मग? जेवण थंड होईपर्यंत आम्ही वाद घातला. शेवटी माझे दोन राहिले. पाइपाला नवं वेल्डिंग झालं, यावेळी वेल्डरच्या जागी.

काका मागच्या वर्षी नागपूरला आत्याकडे गेले असताना झोपेतच वारले. त्यांची मिलमधली माणसं उरल्याहून निघून अंत्यविधीला वेळेत नागपूरला पोचली, आणि एकानं मला विचारलं, "रेस वाली भतीजी आप ही हैं?" ते तिकडे काय सांगत असतील कोण जाणे. घरी तर माझ्या गाडी चालवण्याबद्दल त्यांनी कधी बरा शब्द काढला नव्हता.

त्यांच्यासोबतची शेवटची स्पर्धा त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली. मी हेल्मेट पुढे केलं तर त्यांनी मान हलवली. "मी बाजूले बसलो का मले काटे नाही दिसत. तू जा." मी गेले. कुणी 'सोड' म्हटलं नाही, पाय उचलला नाही, आणि मी गटात पहिली आले. गाडी वळवून परत आले तेव्हा सगळी गर्दी रस्त्याकडे तोंड करून उभी होती आणि एकटे काका पाठ फिरवून, समोरच्या माळरानाकडे पाहत. मी चिडलेच. वर्षभर राबलो दोघं, आणि हा माणूस पाहतही नाही.

"काका, पहिली आले," मी मागून म्हटलं. "वेळ तरी विचारा."

ते वळले. वेळ विचारली नाही. "पाणी पी," म्हणाले आणि हातातली बाटली पुढे केली. ती अर्धी रिकामी होती, झाकण कुठेतरी पडलं होतं, आणि त्यांच्या शर्टाचा पुढचा भाग गळ्यापासून पोटापर्यंत ओला होता.