मेटलच्या कार्यक्रमात मी ओरडलो, "वाघ आला!"

मित्रांनो, आज संध्याकाळी चंद्रपुरात आपल्याच पोरांचा मेटल बँड ऐकाले गेलो होतो. गायक रानाकाठच्या मोहर्लीकडचा. घशातून असा गुरगुरला का मी मागून ओरडलो, "वाघ आला रे!" सारा हॉल हसला.

पुढच्या रांगेतली एक बाई मात्र दचकून उभी राह्यली. गायकानं गाणं थांबवलं. "बस माय, काई नाई," तिले म्हणाला. मग मले म्हणे, "भाऊ, ही माही माय. मोहफुलं वेचताना माह्या बापाले वाघानं नेलं. हे गाणं त्याच्यावरच आहे."

मी स्वतः सफारी गाइड आहो. रानाकाठी वाघाच्या नावानं मस्करी करत नाई, हे पर्यटकांले रोज मीच सांगतो.

उद्या सकाळी आमची सफारीची जिप्सी मोहर्लीत त्या बाईच्या दारावरूनच जाईन. तेव्हा काय सांगू पर्यटकांले?