आमच्या उघड्यावरच्या चुलीचं वर्ष

पाच बायका एका चुलीपाशी बसवल्या, की मासोळ्या कमी भाजल्या जातात आणि किस्सेच जास्त शिजतात. आमच्या बचत गटाचं तेच झालं. मी चौथी शिकलेली, मला सजवून सांगता येत नाही. यात सुमनबाईचं कौतुक जास्त होईल. होऊ द्या. ती बाई आहेच तशी.

बोदलकशाच्या तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका शेठनं चार खोल्यांचं लॉज काढलं. अंगणात विटा-सिमेंटची पक्की चूल बांधली, वर लोखंडी जाळी, खाली कोळशाचा खण. मॅनेजर तिला बार्बेक्यू म्हणायचा. पाहुण्यांना मासोळी भाजून द्यायचं काम आमच्या गटाला मिळालं. पण चुलीच्या डोक्यावर नुसतं आभाळ. आम्ही छप्पर मागितलं, तर मॅनेजर म्हणाला, "सेठ अब और खर्चा नहीं करेंगे. बचाना है तो तुम बचाओ." वर्षभर चूल धड राहिली तर काम आमचं. गंजली, फुटली, तर तो ती तोडून गॅसवाला माणूस बसवणार होता.

सुमनबाई आमची अध्यक्ष. ती एवढंच म्हणाली, "गॅसवाल्याले सांगा, घरीच राय म्हना."

धानाचं रोवणं आणि कापणी सोडली तर आम्हाला दुसरं काम नव्हतं. म्हणून चूल वाचवायची, मग काय वाटेल ते करून.

*

पहिला पराक्रम फुलवंताचा. ही आमच्यातली सगळ्यात चपळ. ढग आले तशी तिनं पळत जाऊन प्लास्टिकची ताडपत्री चुलीवर टाकली. विस्तव विझलेला होता, पण विटा तापलेल्याच. ताडपत्री वितळून जाळीला अशी चिकटली, की आम्ही सगळ्या विळे घेऊन खरडत बसलो. पाहुण्यांना मासोळीत बादलीचा वास येऊ लागला.

फुलवंता रडकुंडीला आली. सुमनबाई खरडता खरडता म्हणाली, "चुलीले साडी नेसवाची होती तं पहिले तिले थंड तं होऊ द्याची, बाई."

*

मग आम्ही गोठ्यावर टाकतो तसं छप्पर टाकलं. चार बांबू, वर धानाचं तणस. दिसायला इतकं छान, की पाहुणे फोटो काढायचे.

एका सकाळी येऊन पाहतो तर शेजारच्याची म्हैस मान वर करून उभी, आणि अर्धं छप्पर तिच्या पोटात. वरून तिचा मालकच भांडायला आला. धूर लागलेलं तणस खाऊन म्हशीचं पोट बिघडलं, दवा आणून द्या म्हणे. आम्ही पदर खोचून तयारच होतो. सुमनबाईनं आम्हाला हातानं मागं सारलं.

"तुह्या म्हशीनं आमचं घर खाल्लं. आमी काई बोललो का? आता रोज चहापुरतं दूध आणून देजो."

आणि तो आणून देऊ लागला. काऊन, ते त्यालाही कळलं नसेल.

*

जाळीला गंज चढू नये म्हणून आम्ही मोहाचं तेल चोळायचो. ते रात्रीतून कुत्री चाटून साफ करायची. शेवटी सुमनबाई जाळी रोज सोबत घरी नेऊ लागली. एसटीत.

कंडक्टर नवा होता. म्हणाला, एवढ्या मोठ्या लोखंडाचं टिकट लागेल. सुमनबाईनं एका शब्दानं वाद घातला नाही. टिकट काढलं आणि जाळी खिडकीच्या सीटवर उभी केली. गाडी खचाखच भरली. एक जाड मिशीवाले गृहस्थ म्हणाले, बाई, हे खाली ठेवा, मला बसू द्या.

"तिचं टिकट आहे," सुमनबाई म्हणाली. "तुमाले बसाचं असंन तं तिले इचारा."

सुमनबाई आमच्या गावच्या फाट्यावर उतरेपर्यंत ते उभे. दुसऱ्या दिवसापासून कंडक्टरनं जाळीचं टिकट मागितलं नाही.

*

तणस म्हशीनं खाल्ल्यावर सुमनबाईनं गावच्या नाटक मंडळाचा जुना पडदा मागून आणला. जाड कापड, त्यावर तेलरंगानं राजाचा महाल रंगवलेला. पाण्याचा थेंब आत जात नसे. उरलेला सगळा पावसाळा आमच्या मासोळ्या महालाखाली भाजल्या.

दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि रात्री नाटकं होतात, त्या दिवसांत मंडळाला नवा पडदा वेळेवर मिळाला नाही, म्हणून त्यांनी आमचाच परत नेला. नाटक रंगात आलं. राजाची आई मेली, राजा गुडघ्यावर बसून हंबरडा फोडतो आहे. आणि मंडपात जो तो नाक वर करून वास घेतो आहे. राजा जितका पडद्याजवळ जाई, तितका वास भडके. शेवटी मागून एक म्हातारा ओरडला, "राजा, रडजो मंग. पहिले जेवून घे, मासोरी थंडी होऊन राहिली!"

मंडळाचा अध्यक्ष सकाळी तणतणत आला. सुमनबाईनं त्याला बसवलं आणि मरळ भाजून वाढली. खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "वास तं हाच होता."

*

वर्ष भरत आलं. शेठ स्वतः चूल पाहायला येणार होता. आदल्या दिवशी आम्ही वारुळाची माती आणून चुलीच्या सगळ्या भेगा लिंपल्या. माती ओलीच, आणि दुपारपासून आभाळ काळं होऊ लागलं. छप्पर नाही, पडदा नाही. पाऊस आला असता तर माती वाहून गेली असती, आणि तिच्यासोबत आमचं काम. फुलवंता कपाळाला हात लावून बसली.

सुमनबाई घरी गेली आणि बैलबंडीत पत्र्याच्या टिना टाकून आली. टिना कोणाच्या, विचारलं तर म्हणाली, "घरच्याच आहेत. पकड तार." बांबू रोवले, टिना बांधल्या, आणि गारा सुरू झाल्या. अंधार पडेपर्यंत झोडपलं.

सकाळीही रिमझिम चालूच होती. शेठ आला, मॅनेजर आला. त्यांच्या मागून सुमनबाईचा नवरा देवाजी आला. तो रात्रभर उघड्यावर झोपल्यासारखा पायापासून डोक्यापर्यंत भिजलेला. येऊन कोपऱ्यात उभा राहिला.

शेठनं लिंपण बोटानं दाबून पाहिलं. कोरडं. जाळी पाहिली. कोळसा टाकला तसा पेटला. शेठ मॅनेजरकडं वळून म्हणाला, "काम इन्हीं के पास रहने दो." मग वर पाहिलं. "बस एक छेद है. पानी टपक रहा है. बदलवा लो."

देवाजीनं स्टूल ओढलं आणि बरोबर त्या थेंबाखाली जाऊन बसला.

"राहू द्या, शेठजी," तो म्हणाला. "मले याच्याच खाली झोप लागते."