निरंक शुक्रवार

हातकणंगल्याच्या गैबी मुल्लानं शाहूपुरीतल्या सहकारी बँकेत एकतीस वर्षं कारकुनी केली. त्यातलं एक काम त्यानं कुणाच्या हाताला लागू दिलं नाही. एक शुक्रवार आड, बँकेकडं सरकारची किती ट्रेझरी बिलं आहेत, ते लांबड्या रजिस्टरात लिहायचं. बिलं म्हणजे सरकारनं तीन महिन्यांसाठी घेतलेली हातउसनी रक्कम. अठ्ठ्याण्णव रुपयांना घ्यायची, एक्क्याण्णव दिवसांनी शंभर वाजवून घ्यायचे. नड आली तर मधीच विकायची. कणगीच्या तोंडाशी काढून ठेवलेलं धान्यच म्हणा की.

जुम्म्याची नमाज पढून गैबी परत यायचा आणि काउंटर बंद होईस्तवर पेनाचं टोपण काढायचा नाही.

"लिवून टाक की दुपारीच. आकडा काय पळून चाललाय?" बाकीचे चिडवायचे.

"दिवस मिटू द्या. दुपारचा आकडा दुपारपुरता," एवढंच तो म्हणायचा.

यंदा बँकेला पंच्याहत्तर वर्षं झाली. मोठं पुस्तक काढायचं ठरलं. निशिगंधा नावाच्या तरण्या अधिकारी पोरीनं गैबीचे आठशे शुक्रवार संगणकात भरले. आलेख झकास चढत गेला, पण पंचवीस वर्षांमागच्या एका शुक्रवारी धाडकन तळाला आपटला. रजिस्टरात त्या ओळीवर गैबीच्या अक्षरात एकच शब्द होता : निरंक. म्हणजे काहीच शिल्लक नाही.

चेअरमन आकारामदादांनी ते बघितलं आणि कपाळ आकसलं. "हे काय हिरीगत खड्डा पडलाय? कारकुनाची चूक असणार. मागचा आन् फुडचा आकडा घे, सरासरी काढ, भर. उद्या पुस्तक छापायला जातंय."

निशिगंधाला ते पटेना. तिनं रिटायर झालेल्या गैबीला घरी फोन लावला. "चाचा, मी आठ दिवस ह्याच्यावर बसलो हाय. एकदा या. न्हायतर तुमचा आकडा पुसला जातोय."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अकराच्या पुढं गैबी चेअरमनच्या खोलीत हजर.

"गैबी, वय झालं तुजं. तवा चुकला असशील," आकारामदादा म्हणाले.

"वय आत्ता झालंय, दादा. तवा न्हवतं झालं." गैबी बसलासुद्धा नाही. थेट दप्तरखान्यात गेला आणि खिळ्यावरची एक गंजकी तार घेऊन आला. तारेत पुठ्ठ्याचे तुकडे ओवलेले, प्रत्येकावर नंबर आणि शिक्का.

"बँक बुडाली म्हणून गावात आवई उठलीती. पैसं काढाय ही रांग लागली. रांगंत नंबर द्याचं पितळी बिल्लं शुक्रवारी सकाळी धालाच सपलं. मी जुन्या रजिस्टरांचं पुठ्ठं कापून बिल्लं केलं. आदल्या दिशी मॅनेजर सायबांनी हुती न्हवती ती सगळी बिलं इकली, आन् शुक्रवारी नोटांच्या पेट्या आल्या. ज्याला पैसं मिळालं त्याचा तुकडा मी मागं सही घिऊन तारंत ओवला. चारशे बारा हायती, मोजा."

निशिगंधा मोजू लागली.

"रांगंत भाजीवाली तानाबाईबी हुती. कॅशियरला म्हणाली, 'पैसं हायती?' त्यो म्हणाला, 'हायती की, मावशी.' 'बगू.' त्यानं बंडल दावलं. 'मग ठेवा तुमच्यापशीच. नसतं तर न्हेलं असतं!' आन् बिल्ला फेकून गेली. तिच्या मागनं चाळीस माणसं हसत घरला गेली."

"चारशे बारा. एकबी कमी न्हाय," निशिगंधा म्हणाली.

आकारामदादा तरीही मान हलवत होते. "खरं असंल. पर पुस्तकात शून्य वंगाळच दिसतंय."

गैबीनं तार फिरवली, एकशे सदतिसावा तुकडा पुढं केला. "मागची सही बगा."

दादांनी चष्मा चढवला. बघतच राहिले. "आण्णा? आमचं वडील रांगंत हुतं?"

"रांगंत कुठलं! ढकलत फुडं आलं. ट्रॅक्टरसाठी साठवलेलं सगळं पैसं काढून न्हेलं, आन् सोमवारी मुकाट आणून भरलं. म्हणालं, 'द्याला हायती म्हंजे ठिवायला हरकत न्हाय.' दादा, बिलं अडीनडीलाच घेत्यात. त्या शुक्रवारी ती कामाला आली. तुमी सरासरी भरली, तर ह्या चारशे बारा जणांना पैसं दिलं कशातनं, ते सांगा."

दादांनी तुकडा अंगठ्यानं पुसला. मग पोरीकडं वळले. "शून्य ऱ्हाऊदे. आन् शेजारच्या पानावर ह्या तारंचा फोटू घाल. आण्णांची सही दिसाय पायजे."

गैबी टोपी सारखी करत निघाला. जुम्म्याची वेळ झाली होती. जाता जाता त्यानं निशिगंधाच्या पडद्यावर नजर टाकली. आजच्या शुक्रवारच्या रकान्यात आकडा भरून तयार होता.

"घड्याळात किती वाजलं, पोरी?"

"साडेबारा."

त्यानं नुसतं बघितलं. तिनं जीभ चावली आणि आकडा पुसला.