झोपलेल्या राजवाड्यात आलेले पाहुणे

माझ्या धाकट्या बहिणीला दोन स्थळांनी नकार दिला. कारण काय, तर म्हणे पोरगी लई हसते! हसणं काय रोग आहे का? पण दुसऱ्या नकारानंतर ती आठवडाभर एकदाही हसली नाही आणि ते मला बघवत नव्हतं. तिसऱ्या वेळी आईनं तिला दमच भरला, "पाहुण्यांसमोर दात दिसले तर बघ!"

पाहुणे हिंगोलीहून अकराला येणार होते. आमच्या हट्टा गावात अकरा म्हणजे एक वाजणार. घर लख्ख झालेलं, सगळे नटलेले, अशी संधी परत कधी मिळायची? चुलतभाऊ मोबाईलवर सिनेमा काढून राहिला होता. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची जुनीच गोष्ट, पण आमच्या पद्धतीची. राजकुमारानं मुका घेऊन तिला उठवलं असतं तर गावानं आमची धिंड काढली असती. म्हणून आमची राजकन्या चहा मिळाल्यावरच उठायची.

मोबाईल खिडकीला बांधला. बहीण पलंगावर आडवी झाली. अख्खा राजवाडा झोपलेला पाहिजे, म्हणून बाबा खुर्चीत मान टाकून, मी पोळपाटावर डोकं टेकून, आणि आईसुद्धा, नको नको म्हणत, मांडीवर सूप घेऊन झोपली. "काही झालं तरी मी 'कट' म्हणेपर्यंत डोळे उघडायचे न्हाईत," असं बजावून चुलतभाऊ राजकुमाराचा फेटा बांधायला शेजारी गेला.

थोड्या वेळानं दारातून आवाज आला, "जय भीम!" मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, आवाज काय बदललाय! कुणी हूं की चूं केलं नाही. परत "जय भीम." मग एक बाई म्हणाली, "अगं बाई! सगळेच्या सगळे झोपलेत व्हय?"

ही बाई कुठली? एक डोळा किलकिला करून पाहिलं. मुलगा, त्याची आई आणि मामा. बराबर अकराला! मी झटकन डोळा मिटला. आता कुठल्या तोंडानं उठायचं?

मुलगा पलंगाजवळ गेला. "अहो, ऐकता का?"

बहिणीला वाटलं, राजकुमार आला. तिनं डोळे मिटूनच डायलॉग फेकला, "शंभर वर्षं झोपलेय. आधी चहा ठेव, मग उठते."

मेले आता! पण पावलं माझ्या शेजारून गॅसकडे गेली, काडी ओढल्याचा आवाज आला आणि मुलानं विचारलं, "साखर किती टाकू?"

बहीण ताडकन उठून बसली. पाहुणे पाहिले, आणि हसली की हो! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बाबा हसले, मामा हसले, मी तर खालीच लोळले. तेवढ्यात अर्धा फेटा बांधलेला चुलतभाऊ दारात येऊन ओरडला, "कट!"

आईनं सूप तोंडासमोर धरलं. "माफ करा, आमच्या पोरीला हसू आवरत न्हाई."

मुलाची आई मात्र हसत नव्हती. ती बहिणीशेजारी बसली. "याचे बाबा गेले तवापासून हे पोरगं घरात कधी गमतीनं बोललं न्हाई," ती म्हणाली. "आज ऐकलं." मग आईला म्हणाली, "ताई, पोरगी आमाला द्या."

आई बाबांकडे पाहू लागली, बाबा मामांकडे. इतक्यात बहीणच म्हणाली, "मला पसंत हाय." तीन स्थळं झाली, पण तिची पसंती कुणी विचारलीच नव्हती.