कर्णिककाकूंचा पेशंट

कर्णिककाकू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर हेजहॉगचं वजन करत. त्याच काट्यावर बेसनही मोजत असतील या शंकेने सुरुवातीला मी त्यांचे लाडू जपूनच खायचो. पुढे कळलं, बेसनाचा काटा वेगळा होता आणि त्यावर लाल पट्टी चिकटवलेली होती. काकूंचं अख्खं आयुष्य वॉर्डात नर्स म्हणून गेलेलं, असल्या बाबतीत त्यांच्याकडून चूक होणं शक्यच नव्हतं.

इंग्लंडात ब्रॅकनेलला आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारी त्या एकट्याच राहत होत्या. ऑक्टोबर लागला की तिन्हीसांजेला हातमोजे घालून मागच्या दारी उभ्या राहायच्या. बशीत ठेवलेल्या कॅटफूडवर साळिंदराच्या धाकट्या भावंडासारखा, नारळाएवढा एखादा प्राणी आला की त्याला उचलून आधी काट्यावर. "अर्धा किलोसुद्धा भरत नाही हा. असाच थंडीभराच्या झोपेला जाऊ दिला तर मार्चमध्ये उठायचा नाही," असं म्हणून त्याला खोक्यात ठेवून खाऊ घालायच्या. त्याला त्या पेशंटच म्हणत. मी एकदा भक्तिभावाने वाटीभर दूध ठेवलं, तर मला चांगलंच फैलावर घेतलं. "नागपंचमी आहे का आज? दुधाने जुलाब होतील त्याला. पाणी ठेव."

काकूंच्या नवऱ्याने हयातीत मागे सगळीकडे फरशी घालून ठेवली होती, म्हणून पेशंटच्या झोपायची सोय माझ्या बागेत. शेडमागे त्यांनी काटक्या आणि पानांचा ढीग रचून घेतला आणि मला बजावलं, "एकदा आत झोपला की हात लावायचा नाही. मधेच उठवला तर अंगावरची चरबी उठण्यातच जळते, मग उरलेल्या थंडीला पुरत नाही. मार्चपर्यंत तो तुझ्या भरवशावर." मी हो म्हटलं. तीन आठवडे खाऊ घालून गुबगुबीत केलेला एक पेशंट त्यांनी तिथे आणून सोडला, आणि चार दिवसांत तो ढिगात शिरला.

त्या वर्षी दिवाळी उशिरा होती. पुण्याहून सासू-सासरे आले होते, ऑफिसमधली माणसं फराळाला यायची होती. दिवाळीआधी घराभोवती पाचोळा राहू द्यायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. सासरे शेडपाशी थांबून म्हणाले, एवढं छान घर घेतलंत आणि मागे हा उकिरडा? एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मला ओशाळल्यासारखं झालं. मी दाताळं घेतलं आणि दहा मिनिटांत ढीग बागेच्या कचऱ्याच्या ब्राउन बिनमध्ये भरला. तळाशी तो होता, गुंडाळलेला, थंडगार. मी त्याला झुडपाखाली सरकवलं, वर चार मुठी पानं टाकली आणि आत जाऊन आंघोळ केली. त्या आंघोळीची मला अजून लाज वाटते.

आठवड्याने भर दुपारी तो काकूंच्या फरशीवर झोकांड्या खाताना सापडला. दिवसा बाहेर दिसला म्हणजे आजारीच, हे मलाही एव्हाना माहीत होतं. काकूंनी गरम पाण्याची पिशवी लावली, ड्रॉपरने पाणी पाजलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. मग त्या आमच्या दारात आल्या आणि ढीग कोणी हलवला का, एवढंच त्यांनी विचारलं.

"कोल्ह्याने उकरला असेल," मी म्हणालो.

त्या रागावल्या असत्या, मला खोटं ठरवलं असतं, तर बरं झालं असतं. त्यांनी विश्वास ठेवला. "कोल्ह्याचं मला सुचायला हवं होतं. इतकी वर्षं नर्सिंग केलं आणि पेशंट कुठे ठेवावा एवढंही कळलं नाही मला. तुझा काही दोष नाही रे." मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही काकू. ते खरं होतं, पण त्यांना वाटलं मी समजूत घालतोय.

त्या थंडीत त्यांनी दुसरा पेशंट घेतला नाही. बशी ठेवणंही बंद झालं. मी रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज मला काहीतरी काम निघायचं. वसंतात त्या इल्फर्डला मुलाकडे राहायला गेल्या. त्यांच्या बॅगा मीच गाडीत ठेवल्या. तेव्हाही बोललो नाही.

या जानेवारीत त्यांच्या मुलाचा, निखिलचा, फोन आला. काकू गेल्या होत्या. निखिल इथेच जन्मलेला, मराठी अडखळत बोलतो. बोलता बोलता त्याने सांगितलं, गेल्या ऑटममध्ये त्यांच्या गार्डनमध्येही एक छोटा हेजहॉग आला होता. "मी आईला बोलवलं, काका. शी जस्ट स्टूड देअर. म्हणाली, मला यातलं कळत नाही, तू दुसऱ्या कोणाला तरी फोन कर."

मग मी त्याला सगळं सांगितलं. ढीग, बिन, कोल्हा.

"हे मला कशाला सांगताय, काका?" तो म्हणाला. "तिला सांगायचं होतं."