फ्लॉपीच्या पात्याला कुंकू

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. बारामतीत एसटी स्टँडच्या मागं एका डीटीपीच्या दुकानात मी टायपिंग करायची. लग्नपत्रिका, दुकानांची हँडबिलं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट. दिवसभर दुसऱ्यांचंच.

घर इंदापूर तालुक्यात. उसाला कालव्याचं पाणी आलं तशी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली आणि शेती धरली. पण बोलायला लागले की अजून मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेवरच. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांचं पुस्तक करायचं मीच मनावर घेतलं. दर रविवारी टेपरेकॉर्डरवर त्यांचं बोलणं भरायचं, आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत टाईप करायचं, आणि त्याच कॅसेटवर पुढचं भरायचं. कॉम्प्युटरवर जागा कमी. "घरचं काम फ्लॉपीवर ठेव," मालकानं बजावलेलं. छापून मात्र शेवटी एकदमच काढू म्हटलं. केवढं ते शहाणपण माझं!

नवरात्रात पुस्तक पुरं झालं. फ्लॉपी घेऊन घरी गेले. तात्यांनी ती तळहातावर जोखली.

"एवढ्यात समदी मेंढरं बसली व्हय? आन् घोडं कुठं बांधलंस?"

आम्ही पोट धरून हसलो. आई चुलीपुढं बसून नुसती बघत होती.

खंडेनवमीला तिनं अवजारं मांडली. कोयता, खुरपं, तात्यांची लोकर कातरायची कातर, आणि त्यांच्या पंगतीला माझी फ्लॉपी. मी अंघोळ करून येईतो पूजा उरकली होती. पत्र्याची झडप सरकवून आईनं आतल्या काळ्या चकतीवर ओलं हळदकुंकू लावलं होतं, चांगलं ठसठशीत.

"अगं, हे काय केलंस?"

"कुंकू पात्याला लावत्यात, मुठीला न्हाय," ती म्हणाली. "तुजं पातं आत हुतं."

दसरा झाल्यावर दुकानात फ्लॉपी घातली. ड्राईव्ह नुसताच करकरला. मालकानं कापसानं पुसून पाहिलं, दुसऱ्या मशीनवर लावून पाहिलं. गेलं ते गेलंच.

त्या रविवारी मी आईला नको नको ते बोलले. अडाणी म्हणाले. मला बारामतीला शिकायला धाडायचा हट्ट जिनं धरला, तिलाच. अजून आठवलं की माझी मलाच लाज वाटते. ती भाकरी थापत राहिली. जेवली मात्र नाही.

शेवटी तात्याच म्हणाले, "मेंढरं चुकली की माघारी जाऊन हुडकायची. लाव तुजं टेप."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला आई येऊन उंबऱ्याशी बसली. एरवी आमचं बोलणं चालायचं तेव्हा ती चुलीपाशी असायची. तात्या घाटातल्या थंडीचं सांगू लागले. "दोन कोकरं पार गारठली. मी ती पोटाशी धरून घाट उतरलो."

"तुमी न्हाय," आई हळूच म्हणाली. "मी धरली हुती. आन् ही पाठीला बांधलेली."

तात्यांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. टेप फिरत होता.

"व्हय," ते म्हणाले. "हिनंच धरली हुती. तसंच लिव्ह."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गेलेल्या पुस्तकात आई कुठंच नव्हती. सगळं टाईप मी केलं, आणि मला ते खटकलंही नाही. मी तर तिच्याच पाठीवर होते.

पुढच्या खंडेनवमीपर्यंत ते पुस्तक पुन्हा झालं. कागदावरही काढून ठेवलं. आईनं अवजारं मांडली. फ्लॉपीला शिवलीसुद्धा नाही. मीच ती आणून कोयत्याशेजारी ठेवली.

"नगं बाई," तिनं हात मागं घेतला.

लेबलावर तात्यांच्या नावाशेजारी मी तिचं नाव लिहिलं होतं. तिला ते वाचता येणार नव्हतं. तिचं बोट धरून मी त्यावर टेकवलं.

"हितं लाव. हितं तू हायस."

ती लेबलाकडं बघत राहिली.

"आन् कोकरं?"

"तीबी हायत."

तेव्हा कुठं तिनं कुंकवात बोट बुडवलं.